जव्हार-मोखाड्याची बातमी कशी दाबली जाते? स्थानिक पत्रकार, दबाव आणि कायद्याचे संरक्षण

६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. ३१ जानेवारीला आपण ‘मूकनायक’ दिन पाळतो. दोन्ही दिवशी तालुक्याच्या गावी शाल, श्रीफळ, हार आणि ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ या विषयावर भाषणे होतात. त्या व्यासपीठावरचाच एखादा पुढारी पुढच्या आठवड्यात वार्ताहराला फोन करून ‘ती बातमी जरा थांबवा’ म्हणाला, तर तालुक्यात कुणाला नवल वाटत नाही.

पत्रकारितेच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुतेक वेळा दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांभोवती फिरते. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या निर्देशांकात १८० देशांमध्ये भारत २०२३ साली १६१ वा, २०२४ साली १५९ वा आणि २०२५ साली १५१ वा होता. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतून पाहिले की प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. येथे दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी हे येथले मुख्य समाज. येथे बातमी दाबली गेली की अनेकदा एखाद्या मृत्यूचे कारणच दाबले जाते.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. या भागात बातमीवर उघड बंदी घालावी लागत नाही. बातमी देणारा माणूस एकटा पाडला की बातमी आपोआप थांबते. तो एकटा कसा पडतो, कायदा त्याला कुठे साथ देतो आणि कुठे देत नाही, आणि आपण कार्यकर्त्यांनी काय करायचे, हे या लेखात मांडत आहोत.

बातमी आली, मग सरकार आले

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी या दुर्गम भागात कुपोषणाने सव्वाशेच्या आसपास बालके दगावली. वर्तमानपत्रांतून ही गोष्ट बाहेर आली आणि राज्य हादरले. तत्कालीन मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांना तेथे यावे लागले. पुढे जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय सुरू झाले. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेला हा भाग त्याआधी मंत्रालयाच्या नजरेत फारसा नव्हता.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा मुख्यालय जवळ आले, पण प्रश्न उरलेच. सप्टेंबर २०१६ मध्ये तत्कालीन आदिवासी विकासमंत्री आणि पालघरचे पालकमंत्री विष्णू सवरा मोखाडा तालुक्यातील खोच येथे आले. बालमृत्यूंविषयी त्यांनी दिलेले उत्तर कॅमेऱ्यात टिपले गेले आणि राज्यभर टीका झाली. तो कॅमेरा तेथे नसता, तर भेटीची नोंद ‘मंत्र्यांनी केली विचारपूस’ एवढीच झाली असती.

२०२१ साली मोखाडा तालुक्यातील एका कातकरी मजुराचे प्रकरण पुढे आले. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याची तक्रार होती. त्याच्या मृत्यूनंतर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खाली गुन्हा नोंदला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव साजरा होत असताना, बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले, कारण पाड्याला रस्ता नव्हता. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. जून २०२५ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका बापाला मृत अर्भक पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी आणावे लागले. रुग्णालयाकडून वेगळी बाजू सांगण्यात आली. दोन्ही बाजू लोकांसमोर आल्या, कारण कुणीतरी त्या पाड्यापर्यंत जाऊन विचारपूस केली.

या सगळ्या घटनांत एक क्रम दिसतो. आधी मृत्यू, मग बातमी, मग अधिकाऱ्यांची धावपळ. मधली पायरी काढून टाकली तर पहिली आणि तिसरी यांचा संबंधच उरत नाही. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. तेथले पाणी मुंबईला न चुकता पोहोचते. मोखाड्याच्या पाड्यांवरची टंचाई मुंबईला कळायची असेल, तर ती कुणीतरी लिहावी लागते.

वार्ताहर एकटा कसा पडतो

तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याच्याकडे नेमणूकपत्र नसते, ओळखपत्र असते. मानधन असलेच तर तुटपुंजे, आणि घर चालते शेतीवर, दुकानावर किंवा एखाद्या एजन्सीवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायची जबाबदारी त्याच्यावरच असते. जव्हार-मोखाड्यासारख्या ठिकाणी जाहिरात देणारे असतात तरी किती? लोकप्रतिनिधी, ठेकेदार, पतसंस्था आणि शासकीय कार्यालये. ज्याच्या निकृष्ट रस्त्याची बातमी लिहायची, त्याच्याच शुभेच्छांची जाहिरात मागायची. धमकी देण्याची गरजच पडत नाही. ‘यंदा जाहिरात जमणार नाही’ एवढे वाक्य पुरते.

त्यापुढची पायरी गुन्ह्याची. शासकीय कार्यालयात कागद मागताना किंवा व्हिडिओ काढताना वाद झाला की ‘सरकारी कामात अडथळा’ लावला जातो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ झाले आहे. बदनामीसाठी कलम ३५६ आहे, खंडणीसाठी कलम ३०८. या कलमांखाली शेवटी शिक्षा होईलच असे नाही. पण पोलीस ठाणे, वकील, तारखा आणि घरच्यांची काळजी यांतच माणूस थकतो. मोठ्या दैनिकाचा संपादक अशा वेळी ‘तो आमचा कर्मचारी नाही’ म्हणून हात झटकू शकतो.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. गाडीवर ‘प्रेस’ लिहून ठेकेदारांकडून पाकिटे गोळा करणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या वार्ताहरावर खंडणीचा आरोप करणे सोपे जाते आणि लोकही त्यावर चटकन विश्वास ठेवतात. म्हणून खरा पत्रकार कोण आणि वसुली करणारा कोण, हे समाजाने ओळखून ठेवणे हेही संरक्षणाचेच काम आहे.

राजापूरचा धडा

६ फेब्रुवारी २०२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला एका गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते ‘महानगरी टाइम्स’साठी लिहीत आणि बारसू रिफायनरी प्रकल्पाच्या जमीन व्यवहारांवर त्यांनी सातत्याने बातम्या दिल्या होत्या. ज्या पंढरीनाथ आंबेरकर यांच्याविषयीची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्यांच्याच गाडीने ही धडक बसली. आधी अपघात वाटलेल्या या प्रकरणात पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचे कलम लागले आणि विशेष तपास पथक नेमले गेले.

वारिशे हेही तालुक्याच्या पातळीवरचेच पत्रकार होते. जमीन, खाण, धरण, रस्ता, वनहक्क यांवर लिहिणारा माणूस ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांच्याच बाजारपेठेत राहतो. मुंबईत ११ जून २०११ रोजी ज्येष्ठ पत्रकार जे. डे यांची हत्या झाली तेव्हा देशभरातील माध्यमे एकवटली. राजापूर किंवा मोखाड्याच्या वार्ताहरासाठी ते आपोआप घडत नाही.

माहिती देणाऱ्याचेही तोंड बंद

बातमीला दोन माणसे लागतात. एक लिहिणारा, दुसरा सांगणारा. जव्हार-मोखाड्यात सांगणारा बहुतेकदा शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका किंवा कंत्राटी कर्मचारी असतो. २८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत परिपत्रक काढले. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास त्यात मनाई असून कंत्राटी कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात. गोपनीयता आणि शिस्त हे त्यामागचे सांगितलेले हेतू आहेत. परंतु ‘आमच्या केंद्रात तीन महिने आहार आला नाही’ ही तक्रार टीका ठरेल की माहिती, हे कोण ठरवणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्याच वरिष्ठाने ठरवायचे असेल तर सेविका गप्प बसणे पसंत करेल.

त्याआधी मार्च २०२५ मध्ये शासनाने १० कोटी रुपये खर्चाच्या माध्यम देखरेख केंद्राला मंजुरी दिली. शासनाविषयीच्या बातम्या गोळा करणे, त्यांची वर्गवारी करणे आणि दिशाभूल करणाऱ्या बातमीवर तातडीने खुलासा देणे हे त्याचे काम. खुलासा देण्यात वावगे काही नाही. पण दिशाभूल कशाला म्हणायचे याचा निर्णय शासनाच्याच हाती असावा का, हा प्रश्न आहे. केंद्र सरकारने २०२३ साली माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून असेच सत्य तपासणी कक्ष आणण्याचा प्रयत्न केला होता. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी तो बदल रद्द ठरवला.

जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे साडेबारा हजारांवर सूचना व हरकती आल्या होत्या. हे विधेयक नक्षलवादी संघटनांसाठी असल्याचे शासन सांगते. पत्रकार संघटनांची आणि आमचीही हरकत त्यातील सैल व्याख्यांवर आहे. आदिवासी भागात जमीन आणि वनहक्कावर बोलणाऱ्याला ‘नक्षलवादी’ म्हणणे किती सोपे असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

माहिती अधिकारालाही कात्री लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याद्वारे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करण्यात आला. खासगी माहितीबाबत त्या कलमातच असलेली व्यापक जनहिताची कसोटी त्याने काढून टाकली. कलम ८(२) मध्ये जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे. अर्ज करताना तो आवर्जून लिहावा.

कायदा कुठे साथ देतो

संविधानात ‘वृत्तपत्र स्वातंत्र्य’ असा वेगळा शब्द नाही. अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच ते सामावलेले आहे. पत्रकाराला आणि मोखाड्याच्या मजुराला असलेला हा एकच हक्क आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये दिलेल्या कारणांपलीकडे त्यावर निर्बंध घालता येत नाहीत.

हे ठामपणे सांगणारा एक निकाल मराठी वृत्तपत्राचा आहे. १९६० साली केंद्र सरकारच्या आदेशाने वृत्तपत्रांची पाने किमतीशी बांधली. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा ७ पैशांत मिळे आणि आठवड्याला ३४ पाने देई. आदेशानुसार पाने २४ करा किंवा किंमत वाढवा, अशी वेळ आली. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी हा आदेश आणि त्यामागचा कायदा घटनाबाह्य ठरवला. वृत्तपत्राच्या खपावर आणि पैशावर घाव घालणे हाही अभिव्यक्तीवर घाव असतो, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आज जाहिरात रोखून बातमी रोखली जाते तेव्हा हा निकाल आठवला पाहिजे.

पत्रकार शीला बर्से यांची प्रकरणेही वाचण्याजोगी आहेत. मुंबईच्या तुरुंगातील महिलांशी बोलून त्यांनी कोठडीतील मारहाण उघड केली. त्यावरून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने महिला आरोपींच्या संरक्षणासाठी निर्देश दिले. पुढे त्यांच्याच प्रकरणात १९८७ साली, वाजवी नियमांच्या अधीन राहून पत्रकारांना कैद्यांच्या मुलाखती घेता येतात, असेही न्यायालयाने मान्य केले.

महाराष्ट्रात पत्रकार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. ७ एप्रिल २०१७ रोजी विधिमंडळाने तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून लागू व्हायला २०१९ साल उजाडले. त्यातील मुख्य तरतुदी अशा:

– पत्रकारावर किंवा माध्यम संस्थेवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
– गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.
– तपास पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे.
– मालमत्तेची भरपाई आणि उपचारांचा खर्च आरोपीकडून.
– खोटी तक्रार करणाऱ्यालाही शिक्षा.

कागदावर हे चांगले आहे. अडचण व्याख्येत आहे. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर आहे, तो या कायद्याने पत्रकार ठरतो. नेमणूकपत्र नसलेला, शेती करून बातमी देणारा मोखाड्याचा वार्ताहर या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद घालता येतो. यूट्यूब चॅनल किंवा छोटे पोर्टल चालवणाऱ्या आपल्या तरुणांची स्थिती आणखी कच्ची आहे. म्हणजे जो सर्वांत उघड्यावर आहे, त्याच्याच डोक्यावरचे छप्पर सर्वांत गळके.

पालघर जिल्ह्यानेच आणखी एका निकालाला निमित्त दिले. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. चोर आल्याच्या अफवा त्याआधी व्हॉट्सअॅपवरून पसरल्या होत्या. या घटनेवरील दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे अर्णब गोस्वामी यांच्यावर अनेक राज्यांत गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२० रोजी एकच गुन्हा कायम ठेवून बाकीचे रद्द केले. एकाच प्रक्षेपणासाठी पत्रकाराला ठिकठिकाणी खेटे घालायला लावता येणार नाही, असे त्याचे सार आहे. त्या कार्यक्रमाबद्दल आमचे मत काहीही असो, हे तत्त्व सर्वांच्या कामाचे आहे. प्रश्न एवढाच की दिल्लीपर्यंत पोहोचण्याची ऐपत नसलेल्या वार्ताहराला त्याचा लाभ कोण मिळवून देणार?

गडचिंचलेने दुसरेही शिकवले. जेथे विश्वासाची स्थानिक बातमी पोहोचत नाही, ती जागा अफवा घेते, आणि त्या अफवेत माणसे मरतात.

‘मूकनायक’ने दाखवलेली वाट

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केला, कारण आपली बाजू मांडायला आपलेच पत्र लागते हे महाडने दाखवले होते. त्याच पत्रात त्यांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा लेख लिहून समाजासमोर पत्राच्या कर्जाचा हिशेब मांडला. पुढे १९४३ साली पुण्यातील रानडे यांच्यावरील भाषणात पत्रकारितेचा धंदा झाल्याबद्दल त्यांनी कठोर टीका केली.

बाबासाहेबांची पत्रेही पैशाअभावी बंद पडली. हे आपण अभिमानाच्या भाषणात विसरतो. वर्गणी न भरणारा समाज स्वतंत्र पत्राची अपेक्षा करू शकत नाही.

आपण काय करायचे

१. वर्गणी भरा. तालुक्यातील ज्या पत्रावर किंवा पोर्टलवर विश्वास आहे, त्याला वर्षाची वर्गणी द्या. जयंती आणि धम्मपरिषदेच्या खर्चातील थोडा भाग पुरेसा होतो. ती वर्गणी देताना ‘आमचीच बातमी छापा’ ही अट घालू नका.

२. नेमणुकीचा कागद मागा. आपल्यातील जे तरुण बातमी देतात त्यांनी संस्थेकडून लेखी नेमणूक, किमान ईमेल घ्यावा. छापून आलेल्या बातम्यांची फाईल ठेवावी. पत्रकार संरक्षण कायद्याखाली तक्रार देताना हाच पुरावा लागतो.

३. ग्रामसभेचा आधार घ्या. जव्हार आणि मोखाडा पाचव्या अनुसूचीत येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम ग्रामसभेला अधिकार देतात. अमृत आहार, अंगणवाडी, रस्ता यांचा हिशेब ग्रामसभेने ठरावाने मागितला, तर एका सेविकेच्या किंवा वार्ताहराच्या नावावर खापर फुटत नाही.

४. माहिती अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तर ३० दिवसांत, आणि जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अर्ज तीन-चार जणांनी वेगवेगळा करावा.

५. गुन्हा नोंदला गेला तर वार्ताहराला एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊ देऊ नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील नोटिशीबद्दल विचारा. मोबाईल जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत मागा. कलम १०५ नुसार जप्तीचे चित्रीकरण करणे आवश्यक आहे.

६. आपली बाजू स्वच्छ ठेवा. खात्री नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका. कुपोषित बालकाचा चेहरा आणि नाव देऊ नका. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा तर गुन्हाच आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारा आणि छापा. सम्यक वाचा आपण वंदनेत म्हणतो, ती मोबाईलवरही पाळली पाहिजे. त्याने बातमी मजबूत होते आणि बदनामीचा खटला कमकुवत होतो.

७. तालुका पातळीवर वकील, निवृत्त शिक्षक, पत्रकार आणि कार्यकर्ते यांचा छोटा गट करा. धमकीचा फोन आला की वेळ, क्रमांक आणि मजकूर त्याच दिवशी लिहून ठेवा व गटाला कळवा. हल्ला झाल्यावर निषेधाचे निवेदन देण्यापेक्षा पहिल्या धमकीला एकत्र उभे राहणे अधिक उपयोगी पडते.

शासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पत्रकार संरक्षण कायद्यातील व्याख्या बदलून मानधनावर किंवा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ग्रामीण वार्ताहरांना त्यात स्पष्ट स्थान द्यावे. आणि बालमृत्यू, वेठबिगारी, आहार पुरवठा यांविषयी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर २८ जुलैच्या परिपत्रकाखाली कारवाई होणार नाही, असे लेखी जाहीर करावे.

पावसाळा आला की जव्हार-मोखाड्याचे अनेक पाडे तुटतात आणि आजारपण वाढते. त्या दिवसांत तेथे जाऊन लिहिणारा माणूस तुमच्या तालुक्यात कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात त्याला शोधा, भेटा आणि त्याचा क्रमांक आपल्या गटात सर्वांना द्या.